फक्त बाहेरून लावण्यासाठी

आज सकाळी बाथरूममधली तेलाची बाटली उलटी केली आणि काहीच आलं नाही. मी तळहात पुढे करून उभी, बाटली डोक्यावर उभी, आणि आत पांढरीशुभ्र शांतता. नाशकात थंडी पडली की नाही हे ठरवण्याचा मान आमच्या घरात खोबरेल तेलाचा. निफाडचा पारा उतरल्याची बातमी नंतर येते, पंचवटीतल्या भाजीवाल्या कानांना मफलर नंतर गुंडाळतात, द्राक्षवाले बागेत शेकोट्या नंतर पेटवतात. आधी तेल गोठतं. आदल्या संध्याकाळपर्यंत ते नितळ, पातळ, सांगितलेलं ऐकणारं असतं. सकाळी बघावं तर त्याची मेणबत्ती झालेली.

मग घराघरांत एक नाटक सुरू होतं. पहिला अंक गरम पाण्याच्या तांब्याचा. बाटली तांब्यात सोडायची. ती आडवी होऊन तरंगते आणि पाणी निवेपर्यंत तेल ढिम्म. दुसऱ्या अंकात उदबत्तीची काडी. आमचे हे काडी आत खुपसून तेलाचा बोळा उकरायला बघतात आणि काडी मोडून आत राहते. मागच्या थंडीतली एक अजून आत आहे, जपून ठेवल्यासारखी. तिसऱ्या अंकात नायक बाटली काखेत धरून पेपर वाचत बसतो, ताप मोजायला बसलेल्या रोग्यासारखा चेहरा करून. अरुंद तोंडाच्या बाटलीत खोबरेल भरायची कल्पना ज्याला सुचली, त्याने नाशकातला पौष पाहिलेला नसणार.

सासूबाईंची पद्धत त्यातल्या त्यात राजेशाही. त्या बाटलीला ऊन दाखवत. सकाळी पूर्वेच्या खिडकीत, मग गॅलरीच्या कठड्यावर, मग जिन्याच्या वरच्या पायरीवर. ऊन सरकेल तशी बाटली सरकवायची, आणि ती सरकवायला घरात कुणीतरी मोकळं असायचंच. ते कुणीतरी म्हणजे मी. पदवी घेतलेली मोठी सून, उन्हामागे बाटली घेऊन फिरतेय. शेजारच्या बायकांना फुकटची करमणूक.

पण तेल एकदा का पातळ झालं, की त्या घरात त्याला जाता येणार नाही अशी जागा नव्हती. रविवारी सकाळी आधी डोकी. सासूबाई खुर्चीत, त्यांच्या पायांशी एकेक डोकं, टाळूवर थपथप असा आवाज की जिन्यातून जाणाऱ्याला वाटावं आत ढोलकी वाजतेय. डोकी झाली की टाचा. थंडीत टाचांना पडलेल्या भेगांत तेल जिरवून वर जुने मोजे. मग फुटलेले ओठ. मग कुणाच्या लेकीचं नुकतं टोचलेलं नाक. बाळ आलं असेल तर त्याची टाळू, त्याच्या मांड्यांच्या वळ्या, कानामागची घडी. बोटात रुतलेली अंगठी तेलाने निघायची, मनगटात न चढणारी बांगडी तेलाने चढायची. कुरकुरणाऱ्या दाराच्या बिजागरीत तेल, नव्या डब्यावरचं चिकट लेबल काढायला तेल, कडक झालेल्या चामड्याच्या चपलेला तेल. शाळेच्या गॅदरिंगमध्ये माझ्या मुलाला शिवाजी महाराजांचा मावळा केलं होतं, त्याची काजळाची मिशी तेलाच्या बोळ्यानेच पुसली. रंगपंचमीला रहाडीत, रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, उड्या मारायला निघालेली पोरं अंगभर तेल चोपडून अशी चकाकायची की धरायला जावं तर हातातून निसटावीत. ओल्या साबणासारखी!

एवढ्या ठिकाणी मुक्त प्रवेश असलेल्या या तेलाला बंदी फक्त एका ठिकाणी होती. तोंडात. ओठांपर्यंत चालेल, ओठांच्या आत नाही. आमच्या घराचा सगळा धर्म त्या अर्ध्या इंचावर उभा होता. खोबरं चालायचं, ओलं, सुकं, किसलेलं, भाजलेलं. नारळ देवाला फोडून प्रसाद म्हणून चालायचा. पण त्याचं तेल निघालं की ते डोक्याचं झालं. कोणी ठरवलं, केव्हा ठरवलं, हे विचारायची सोय नव्हती. आमच्याकडे असल्या गोष्टी ठरवलेल्या नसतात, त्या नुसत्या असतात.

आणि अशा घरात बिंदू आली.

आठ-दहा वर्षं झाली असतील. माझे धाकटे दीर, मी त्यांना भाऊजी म्हणते, सातपूरच्या एका कारखान्यात होते आणि त्याच कारखान्यात माल तपासणाऱ्या विभागात बिंदू होती. तिचे वडील तरुणपणी केरळातून इथे आले आणि टायरचं दुकान टाकून इथलेच झाले. बिंदू जन्मली नाशकात, वाढली नाशकात. मिसळीवर माझ्यापेक्षा जास्त तर्री घ्यायची आणि मराठी असं फाडफाड बोलायची की पंचवटीतला रिक्षावाला तिला लांबच्या रस्त्याने न्यायला धजत नसे. भाऊजी तिला पहिल्यांदा घरी घेऊन आले तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण इतकं चांगलं नाटक मी तिकीट काढूनही पाहिलेलं नाही.

सासूबाईंनी आधी तिचे केस पाहिले. कमरेखाली येणारी, मनगटाएवढी जाड वेणी. त्यांचा चेहराच उजळला. मुलीचं नाव, गाव, जात सगळं बाजूला राहिलं.

"काय लावतीस गं केसांना?"

"खोबरेलच लावते, आई."

"बघा! बघा!" सासूबाई आमच्याकडे वळल्या. "मी काय सांगत असते रोज? पोरी ते शाम्पू चोळत्यात आणि टकल्या होत्यात. आन् खायला-प्यायला काय असतं तुमच्यात, एवढं तेज यायला?"

"खोबरेलच."

खोबरेल गोठायला एक अख्खी रात्र लागते. सासूबाईंचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत, चहा निवायच्या आत गोठला.

"म्हंजे तुमच्यात भाजीला डोक्याचं तेल घालत्यात?"

"नाही आई," बिंदू हसून म्हणाली, "आमच्यात डोक्याला भाजीचं तेल घालतात."

मला हसू आवरेना, म्हणून मी कपबशा उचलून आत पळाले. सासूबाई हसल्या नाहीत. त्या वाक्यावर त्या पुढे कधीही हसल्या नाहीत.

लग्न झालं, रजिस्टर पद्धतीने, दिवाळी उलटल्यावर. सासूबाईंनी अडवलं नाही. वाईट सासू कशी असते हे त्यांनी आयुष्यभर इतरांच्या घरांत बघितलेलं होतं आणि तसं आपल्याला कुणी म्हणू नये याची त्यांना फार काळजी. त्यांनी बिंदूला जाच केला नाही, टोमणे मारले नाहीत, माहेरच्यांनी काय दिलं ते विचारलं नाही. फक्त मागच्या गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी, तिला एक शेगडी दिली. एक लोखंडी कढई आणि तिच्या तेलासाठी काचेची एक रुंद तोंडाची बरणी.

"तुला तुझं करून खायला मोकळीक हाय," त्या म्हणाल्या. "आमाला चालत नाय, एवढंच."

"आई, मी सगळं शेंगदाण्याच्या तेलात करीन ना. मला येतं."

"हाताला सवय असती बाई. घाईत चुकून पडतं."

म्हणून बिंदूने निवडायचं, चिरायचं, लाटायचं. फोडणी द्यायची नाही. घरातल्या कुठल्याही भांड्यात तिच्या हातून मोहरी तडतडायची नाही. एक इंजिनीअर बाई, कारखान्यात तिने शिक्का मारल्याशिवाय माल गाडीत चढत नसे, आणि घरी आली की तिच्या हातचं वरण आमच्या तपासणीत नापास.

सुट्टीच्या दिवशी ती गॅलरीत स्वतःसाठी काहीतरी करायची. कढीपत्ता, मोहरी, सुकी मिरची त्या तेलात पडली की जो वास सुटायचा तो दाराच्या फटीतून आत यायचा, आणि आत बसलेले सगळे आपापल्या डोक्यांना तेच तेल थापत नाक मुरडायचे. मी एकदा गॅलरीत जाऊन तिच्या कढईतली केळ्याची भाजी खाल्ली. गरम, तिखट, खोबऱ्याच्या दाट वासाची. मला आवडली. मी दाराकडे पाठ करून खाल्ली, हेही सांगते.

तेव्हा ती मला म्हणाली, "ताई, मला साडी नको, दागिना नको, यांच्यात मला कुणी डोक्यावरही बसवू नका. माझ्या हातचं एकदा सगळ्यांनी एका पंगतीत बसून खावं. अळणी म्हणा, तिखट म्हणा, नावं ठेवा. पण खाऊन ठेवा."

"आणि नाही खाल्लं तर?"

"तर मी यांना घेऊन वेगळी राहीन. वॉशिंग मशीनशेजारी बसून माणूस किती वर्षं जेवणार?"

ती हे हसत म्हणाली. तिची कढई घासता घासता.

त्या वर्षी थंडी कडक होती. सकाळी गोदेवर धुकं इतकं दाट, की पलीकडच्या काठावरची माणसं नुसती आवाजांवरून ओळखायची. सासूबाईंचे गुडघे धरले. उठताना "आई गं," बसताना "आई गं," आणि मधे उभं राहिलं की नुसताच चेहरा. डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, शेकाची पिशवी झाली. मग एका संध्याकाळी बिंदू कारखान्यातून आली, हातपाय धुतले, खोबरेलात कापूर टाकून कोमट केलं आणि काही न विचारता सासूबाईंचे पाय मांडीवर घेतले.

त्या पायांना तिने कसं चोळलं! अंगठ्याने गुडघ्याच्या वाटीभोवती गोल, मग पोटरीवरून खाली, मग टाचेच्या भेगेभेगेत तेल भरत. सासूबाईंनी आधी लुगडं आवरून धरलं होतं, मग हळूहळू सोडलं, मग डोळे मिटले. चार दिवसांनी त्या स्वतःच संध्याकाळ झाली की घड्याळाकडे बघायला लागल्या. "आली का गं बिंदी?" बिंदूची बिंदी झाली होती. आणि चोळून घेताना त्या तिला काय काय सांगायच्या. आपलं पिंपळगावचं माहेर, कांद्याच्या चाळी, लहानपणी विहिरीत पडलेली बहीण, सासऱ्यांचा तापट स्वभाव. मला लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, त्यातलं अर्धं मी पहिल्यांदा ऐकत होते.

"हात लय गुणी हाय गं तुझा," त्या म्हणायच्या.

मग बिंदू तो गुणी हात साबणाने धुवायची, आणि सासूबाईंचं जेवण मी वाढायची. टाचेपासून गुडघ्यापर्यंत बिंदू सून होती. पोटापाशी आली की परकी.

पण काहीतरी हलत होतं, हे मलाही दिसत होतं. संक्रांत जवळ आलेली. एका सकाळी बिंदू गॅलरीत थंडीने कुडकुडत आपल्या बरणीत चमच्याने कोरत होती. तेल असं दगड झालेलं, की चमचा वाकला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आत ठेव गं ती बरणी. गॅसपाशी. बाहेर पार दगड व्हतो तिचा."

बिंदूने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. तिने ती बरणी दोन्ही हातांत धरून अशी आत आणली, की गणपतीच आणतेय घरात. गॅसशेजारच्या फळीवर, तुपाच्या बरणीच्या बाजूला ठेवली आणि एक पाऊल मागे सरून बघितलं.

"आज ही आत आली ताई," ती माझ्या कानाशी म्हणाली. "उद्या मी."

आणि खरंच, सासूबाईंनी तिच्यासाठी हलव्याचे दागिने आणवले. नव्या सुनेची पहिली संक्रांत म्हणजे काळी साडी आणि अंगभर हलव्याचे पांढरे दागिने. मुकुट, हार, तन्मणी, बाजूबंद, सगळं साग्रसंगीत. पिंपळगावच्या बायकांना जेवायला निरोप गेला, संध्याकाळी गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकवाचा. म्हणजे धाकट्या सुनेला चारचौघींत मिरवायचं ठरलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा.

गुळाच्या पोळ्यांचा बेत. लाटायच्या बिंदूने, भाजायच्या मी. तिला पोळी लाटताना बघणं हा एक आनंद होता. गूळ कडेपर्यंत जायचा आणि एकही फुटायची नाही. माझ्या नणंदबाई, कुंदा वन्सं, पिंपळगावहून सकाळीच आल्या होत्या. त्यांच्या यजमानांचा कांद्याचा व्यापार, त्यामुळे आवाज बाजार समितीत ऐकू जाईल असा. वाढायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. बरणी आत आल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखी बातमी ती आम्हा दोघींपुरतीच होती.

गुळाच्या पोळीवर तूप ओतायचं नसतं, थापायचं असतं. गरम पोळी, वर थिजलेल्या तुपाचा गोळा, तो कडांकडे पसरत वितळला पाहिजे. आमच्याकडे म्हशीचं तूप, पांढरं, रवाळ. पहिली वाढप झाली आणि वाटीतलं तूप संपलं. वन्सं वाटी घेऊन आत आल्या, गॅसशेजारच्या दोन बरण्यांतली एक रिकामी होती, दुसरी पांढऱ्याने भरलेली. त्यांनी वाटी भरली आणि गेल्या. मी तव्याशी, बिंदू पोळपाटाशी, दोघींच्या पाठी फळीकडे.

बाहेर पंगत रंगात आलेली. थोड्या वेळाने पिंपळगावच्या मावशींचा, सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचा, आवाज आला. "केसाचा वास येतोय का गं कुठंतरी?"

आता गंमत अशी, की आदल्या दिवशी भोगी. भोगीला झाडून सगळ्या बायका तेल थापून न्हालेल्या. त्या खोलीत इतकी तेलकट डोकी होती की संशयितांना तोटा नव्हता. एकीने आपली वेणी पुढे घेऊन हुंगली. दुसरीने शेजारणीची हुंगली.

"मावशी, तुमचंच डोकं असंल ते," वन्सं म्हणाल्या. "काल केवढं चोपडलंय, कपाळावर वघळ आलाय!"

"माझं? मी काल न्हालेच नाय, मला सर्दी."

"सर्दी हाय तर वास कसा येतो?"

हशा झाला. त्या हशात सासूबाई म्हणाल्या, "आज तूप मात्र लय झ्याक रवाळ झालंय. आण गं कुंदा, अजून एक पोळी." मी गरम पोळी घेऊन दारापर्यंत गेले होते, म्हणून मला दिसलं. त्यांनी दुसरी पोळी खाल्ली आणि ताटाला लागलेलं ते वितळलेलं बोटाने पुसून बोट चाटलं. सावकाश, आवडीने.

मग मावशींनी आपली पोळी नाकाला लावली.

वन्सं आत गेल्या, बरणी घेऊन बाहेर आल्या, तिचा वास घेतला आणि ती हातात तशीच धरून उभ्या राहिल्या. सगळ्या बायकांनी आधी बरणीकडे पाहिलं आणि मग सासूबाईंकडे. खोलीत कुणी चावत नव्हतं.

बिंदू दारात आली होती. काळी साडी, डोक्यावर हलव्याचा मुकुट, हातांना कणीक. काय झालंय हे तिला कळायला क्षणभर लागलं आणि कळल्यावर ती घाबरली नाही. ती हसली. तिचा चेहरा फुलून आला. तिने मागितलं होतं ते झालं होतं. सगळ्यांनी एका पंगतीत बसून खाल्लं होतं, तिच्या हातची पोळी, तिच्या घरचं तेल, आणि कुणाला काही झालं नव्हतं. ती सासूबाईंना म्हणाली, अगदी लाडाने, "आई, आवडलं ना?"

एवढीच तिची चूक. तिला वाटलं, माणसाला आवडलं की प्रश्न मिटतो.

सासूबाई उठल्या. ते गुडघे घेऊन, कुणाचा हात न धरता उठल्या. मोरीपाशी गेल्या, दार उघडं ठेवलं, घशात बोट घातलं आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा ओकाऱ्या काढल्या. फारसं काही पडलं नाही. पडणारच नव्हतं. मग पदराने तोंड पुसत परत आल्या आणि बहिणीकडे बघत म्हणाल्या, "मुद्दाम आत आणून ठिवली हिनं बरणी. माझ्या सैपाकघरात."

"तरीच!" वन्सं म्हणाल्या. तूप वाढायचा चमचा अजून त्यांच्याच हातात होता.

भाऊजी बाहेरच्या खोलीतून आले. त्यांच्याकडे बिंदूने ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरलेले नाही. ते म्हणाले, "अगं, सॉरी म्हण ना आणि विषय संपव. सणाचा दिवस आहे."

तव्यावर माझी पोळी जळत होती. धूर आला तेव्हा सगळ्यांना बोलायला विषय मिळाला.

बिंदू रडली नाही. आतल्या खोलीत जाऊन तिने दागिने उतरवले. तन्मण्याचा दोरा तुटला आणि हलव्याचे दाणे फरशीभर घरंगळले. आठवडाभर ते कोपऱ्याकोपऱ्यात सापडत होते, मुंग्यांच्या रांगा लागलेले. संध्याकाळी हळदीकुंकू ठरल्याप्रमाणे झालं. पतंगांनी आभाळ भरलेलं, गच्च्यांवर आरडाओरडा, आणि आमच्या दारात येणाऱ्या प्रत्येकीला मी तिळगूळ देत सांगत होते, "धाकटीला जरा बरं नाही."

होळीच्या आत ते दोघं भाड्याच्या घरात गेले, पुढे पुण्याला. भांडण असं झालंच नाही. सणावाराला येतात, बसतात, चहा घेतात. सासूबाईंच्या पाया पडताना बिंदू त्या टाचांना हात लावते आणि उठते. सासूबाईंच्या गुडघ्यांना मग मी तेल लावायला लागले. पहिल्याच संध्याकाळी त्या म्हणाल्या, "तुझा हात जड हाय." मी म्हटलं, "आहे."

ती बरणी मागे राहिली होती. अर्धी भरलेली. मला वाटलं, सासूबाई फेकायला सांगतील. त्या म्हणाल्या, "फेकायचं कशापायी? चांगलं तेल हाय. बाहेरून लावायला काय व्हतंय?" आणि आम्ही ते संपवलं. टाचांना, डोक्यांना, देवघराच्या दाराच्या बिजागरीला. शेवटचं शेवटचं माझ्या मुलाच्या क्रिकेटच्या बॅटला.

आता ऐका पुढची मजा. कुंदा वन्संनी गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक संदेश पाठवला. फुलं, सूर्योदय, हात जोडलेले, आणि खाली खोबरेल तेलाच्या उपयोगांची मारुतीच्या शेपटीएवढी यादी. केसांना, त्वचेला, दातांना, आणि मग खाली ठळक अक्षरांत: सकाळी उपाशीपोटी एक चमचा. पोळीवर घ्या, भाजीत घाला. वन्संचा मुलगा कॉफीत घालून पितो. गंगापूर रोडवर कुठेशी लाकडी घाण्याचं दुकान निघालंय, तिथून वन्सं काचेच्या देखण्या बाटलीत आणतात आणि पाहुण्यांना दाखवतात.

मी त्यांना फोन केला. म्हटलं, "वन्सं, हे डोक्याचं तेल ना?"

"नाय वैनी," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "ते येगळं, हे येगळं. हे एक्स्ट्रा व्हर्जिन हाय."

मी इतकी हसले की हे आतून विचारायला आले. हसू थांबल्यावर मात्र तोंड कडू झालं. कुणी तरी बाहेरच्याने, कुठल्याशा पडद्यावरून, त्यांना सांगितलं की चालतं, आणि चाललं. एवढं सोपं होतं तर. आमच्या गॅलरीत उभं राहून एक मुलगी तेच सांगत होती, गरम कढईसकट. तिच्या बरणीवर लेबल नव्हतं, एवढंच.

सासूबाई यंदा अंथरुणावर आहेत. अन्नावरची वासना गेली आहे. पेज दोन चमचे, दूध अर्धा पेला, तेही माझ्या दटावण्याने. परवा दुपारी ऊन पलंगावर आलं होतं, त्या उन्हाकडे बघत एकदम म्हणाल्या, "ती पोळी कर गं."

"कुठली, आई?"

"त्या संक्रांतीची. आन् तसंच तूप लाव."

"ते तूप नव्हतं, आई."

"ठाऊक हाय मला." त्यांनी डोळे मिटले. "पहिल्या घासालाच ठाऊक व्हतं."

इतक्या वर्षांत या विषयावर त्यांनी उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. माफी नव्हती त्यात. भूक होती. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "बिंदीला बोलाव. म्हणावं, तिच्या हातानं कर. काय फोडणी-बिडणी द्यायची ती दे. सैपाकघर तुझंच हाय म्हणावं."

मी गॅलरीत जाऊन फोन लावला. मला कोण आनंद झाला होता. उशिरा का होईना, तिने मागितलेलं मिळालं, हे मी तिला माझ्या तोंडाने सांगणार होते. मी सगळं सांगितलं. शब्दन् शब्द.

"येईन ना ताई," बिंदू म्हणाली. "शनिवारी येते. भेटून जाते त्यांना. पण ते करायचं नाही जमणार."

"अगं, आता त्या स्वतः म्हणताहेत. मनापासून."

"राग नाही ताई. खरंच नाही. मी खातच नाही ते आता. कधीचं सुटलं. सातपूरला आईकडे गेले ना, तिच्या हातचं पानात वाढलेलं असतं, सगळं माझ्या आवडीचं. घास तोंडाजवळ नेला की केसाचा वास येतो. उलटी होते. आई बिचारी आता माझ्यापुरतं शेंगदाण्याच्या तेलात वेगळं करते आणि विचारते, तुला काय झालं गं? काय सांगू तिला? मला चालत नाही, म्हणते."

मी आत आले. सासूबाई जाग्याच होत्या, मान दाराकडे वळवून.

"काय म्हणली?"

"शनिवारी येते म्हणाली."

"आन् पोळी?"

"ते चालत नाही म्हणाली."

"आता कुणाला चालत नाय?" त्या चिडून म्हणाल्या. "मी सांगतीय ना!"

"तिला, आई. तिला चालत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पेज निवून चालली होती, म्हणून मी चमचा भरून पुढे केला. त्यांनी ओठ मिटून घेतले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.